तुतनखामेन राजाचे थडगे कसे सापडले

इजिप्त देशात नाईल नावाची मोठी नदी आहे. नदीच्या पश्चिमेला लक्सर गावासमोर उघडेबोडके डोंगर आहेत. तिथल्या एका खोऱ्याला राजांचे खोरे म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे राजांना पुरत असत. मेल्यावरही राजाला सगळे लागते, अशी त्या लोकांची समजूत होती. म्हणून खडकात खोल्या खोदायच्या आणि राजाबरोबर सोने, कपडे, भाकरी, मध असे सारे ठेवायचे. पण चोरांना हे माहीत होते. त्यांनी जवळजवळ सगळी थडगी फोडली.

हॉवर्ड कार्टर नावाचे एक इंग्रज साहेब होते. ते १८९१ साली इजिप्तला आले. तेव्हा ते १७ वर्षांचे होते. थडग्यांतली चित्रे कागदावर उतरवायचे त्यांचे काम होते. पुढे ते जमिनीखालच्या जुन्या वस्तू शोधू लागले. तुतनखामेन राजाचे थडगे कोणालाच सापडले नव्हते. पण खोऱ्यात त्याच्या नावाचा एक पेला सापडला होता. पेला इथे, तर राजा पण इथेच, असे कार्टरसाहेबांना वाटले.

१९१७ साली त्यांनी शोध सुरू केला. पैसे लॉर्ड कार्नार्व्हन देत. साहेबांनी नकाशावर चौकोन आखले. एक चौकोन खोदून झाला की पुढचा. मजूर पाट्या भरभरून दगडमाती उचलत. वर्षे गेली, थडगे काही मिळेना. १९२२ साली लॉर्ड म्हणाले, आता पुरे. कार्टरसाहेब म्हणाले, एकच वर्ष द्या, खर्च मी करतो. मग लॉर्डच तयार झाले.

एक तुकडा खोदायचा राहिला होता. तिथे जुन्या काळच्या मजुरांच्या झोपड्यांचे दगड होते. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्यांच्याखाली एक पायरी लागली. मग एकूण १६ पायऱ्या निघाल्या, आणि खाली शिक्के मारलेले बंद दार!

आता गंमत बघा. साहेबांनी दार फोडलेच नाही. पायऱ्या परत बुजवल्या आणि लॉर्डना इंग्लंडला तार केली. ते येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे थांबले. मला तर एक दिवसही दम निघाला नसता. २६ नोव्हेंबरला आतल्या दुसऱ्या दाराला भोक पाडून मेणबत्ती धरली. आत वाईट हवा असेल तर मेणबत्ती विझते. ती विझली नाही. आत सगळीकडे सोने चमकत होते.

तुतनखामेन सुमारे ९ वर्षांचा असताना राजा झाला आणि १८-१९ वर्षांचा असताना वारला. त्याची लहानपणीची छोटी खुर्ची आणि खेळायचे पटसुद्धा तिथे होते. त्याच्या सोन्याच्या मुखवट्याचे वजन सुमारे १० किलो आहे.

मी गुरुजींना विचारले, चोरांनी थडगे फोडले आणि साहेबांनी पण उघडले, मग फरक काय? गुरुजी म्हणाले, चोर वस्तू नेतो आणि तिची माहितीही नाहीशी करतो. साहेबांनी ५००० हून जास्त वस्तूंना नंबर दिले, फोटो काढले, कुठे काय होते ते लिहिले. त्याला १० वर्षे लागली.

पण राजाचे शरीर पेटीला घट्ट चिकटले होते. ते काढताना त्याचे तुकडे झाले. याचे मला फार वाईट वाटले. राजा आजही त्याच थडग्यात आहे.

इयत्ता ४ थी