आधी कोणाचा निरोप?

तारेचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आठवत असेल. तार दोन प्रकारची असे, साधी आणि एक्सप्रेस. एक्सप्रेसला पैसे जास्त पडत आणि ती आधी निघे. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवा बंद झाली. पण कोणता निरोप आधी पाठवायचा, हा तारमास्तरापुढचा प्रश्न काही संपला नाही. तो आज बँकांच्या संगणकांपुढे उभा आहे.

भाजीवाल्याकडचा कोड आपण मोबाइलने टिपतो, तेव्हा तारांमधून पैसे धावत नाहीत, निरोप धावतात. ‘याच्या खात्यातून चाळीस रुपये वजा करा’, ‘त्याच्या खात्यात जमा करा’, ‘झाले की कळवा’. आपली बँक, त्याची बँक आणि मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. बाहेर पडणारे निरोप रांगेत थांबतात. पण रांगेतले सगळे सारखे नसतात. काही पैसे हलवणारे, तर काही नुसते विचारणारे : शिल्लक किती? मघाच्या व्यवहाराचे काय झाले? विचारणारा थोडा थांबला तर फारसे बिघडत नाही. जमेचा निरोप थांबला, तर इकडे पैसे कापले जातात आणि तिकडे भाजीवाल्याचा हात रिकामा राहतो.

तिसरा निरोप व्यवहार उलटवण्याचा. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तर वजा झालेले पैसे परत करा, असे सांगणारा. त्याला उशीर चालेल, पण तो हरवता कामा नये. म्हणून यंत्रणा तो नोंदवून ठेवते आणि पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवते.

ही शिस्त मोडली की काय होते, ते १२ एप्रिल २०२५ रोजी दिसले. यूपीआय काही तास कोलमडली. ‘व्यवहाराचे काय झाले?’ असे विचारणाऱ्या बँकांच्या निरोपांचा पूर आला होता, असे तपासात आढळले. त्यानंतर नियम झाला : पहिली विचारणा थोडे थांबूनच आणि जास्तीत जास्त तीनदा. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते आणि हप्त्यांची आपोआप होणारी वसुली गर्दीच्या वेळा टाळून होते.

तारेत जास्त पैसे मोजणारा पुढे जाई. या नियमांत रक्कम लहान की मोठी, हे पाहिलेले नाही. निरोपाचे काम काय, एवढेच पाहिले आहे.

तरीही दुकानदाराला पैसे पोचले नाहीत, तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तेव्हा व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि शिल्लक उगाच दहा वेळा पाहू नका. त्याच रांगेत कुणाची तरी दिवसभराची मजुरी असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)