वर्तुळातला आकडा

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरी जुना हस्तलिखित सातबारा असेल तर तो काढून पाहावा. एका नावाभोवती कंस, शेजारी वर्तुळात आकडा. कंस सांगतो, हा माणूस आता धारक नाही. वर्तुळ सांगते, का नाही ते फेरफाराच्या वहीत या नंबरला बघा. वारस, खरेदी, वाटणी, जे काही झाले ते तिथे. सारे दप्तर या ‘तिकडे बघा’वर उभे आहे.

गेल्या सत्तरेक वर्षांत ‘तिकडे’ मात्र अनेकदा हलले. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. 1954 च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने भूमिस्वामी आणि भूमिधारी हे धारक आणले. 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्राच्या महसूल संहितेने भोगवटादार शब्द रूढ केला. शब्द बदलले, खसऱ्याचे जुने कागद तसेच राहिले. गावची चराई निस्तार पत्रकात शोधायची, दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची वहिवाट वाजिब-उल-अर्जमध्ये. संहितेने कलम 161 आणि 165 मध्ये दोन्ही टिकवली. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला. तिरोड्याच्या, देवरीच्या जुन्या कागदांच्या माथ्यावर मात्र ‘जिल्हा भंडारा’च आहे.

खरी गळती पुनर्लेखनात झाली. साधारण दहा वर्षांनी पटवारी सातबारा नव्याने उतरवी. चालू नोंदी पुढे येत, कंसातली नावे मागे राहत. नकलताना 412 चे 421 झाले की वाट दुसऱ्याच्याच शेतात निघे. शिवाय मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला, तरी सातबाऱ्यावर अंमल द्यायचे राहून जाई. मग वही एक सांगे, उतारा दुसरेच.

संगणकाने यातले बरेच सावरले. 2017 मध्ये चावडी वाचनात सातबारे गावासमोर मोठ्याने वाचले गेले. पुढच्या वर्षी डिजिटल सहीचा उतारा आला. ई-फेरफारात नोंद प्रमाणित झाली की तिचा अंमल उताऱ्यावरही येतो. सातबाऱ्याच्या 2020 च्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख, प्रलंबित फेरफार, जुने फेरफार यांना स्वतंत्र जागा मिळाली. मयताच्या नावाचा कंस जाऊन आडवी रेघ आली.

‘तिकडे बघा’ चुकण्याचे हेच दुखणे सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांचेही. ‘पाहा, प्रकरण 7’ असे लिहून ठेवतात. पुढच्या आवृत्तीत सातवे प्रकरण नववे होते. ज्या हाताने प्रकरण हलवले, त्याच हाताने, त्याच बैठकीत ‘पाहा’ही बदलावे लागते. शिवाय तिथे काय सापडेल, हे दोन शब्दांत सांगावे. नुसत्या आकड्यावरून कोणी वही उघडत नाही.

सातबाऱ्यात यंत्र वही आणि उतारा ही दोन टोके बांधून देते. पण चाळीस वर्षांपूर्वी चुकून उतरलेला 421 ते तितक्याच इमानाने बांधते. तो चुकीचा आहे, हे चावडीवर बसून ऐकणाऱ्यालाच कळते.