जाणत्या हातचा घास

परदेशी गेलेल्या प्रवाशाला तेथील इमारती, बाजार आणि निसर्ग पाहून त्या भूमीची ओळख होते. परंतु तेथील माणसांच्या ताटात काय असते हे कळल्यावाचून ती ओळख अपुरीच राहते. समुद्रकाठच्या देशांत तर पानात वाढलेला मासा त्या लोकांचे समुद्राशी असलेले नाते सांगत असतो. मात्र अनोळखी मासा खाताना जिज्ञासेला कोणाची सोबत असावी? या प्रश्नाचे उत्तर जपानमधील 'फुगु' हा मासा फार चांगले देतो.

फुगु संकटाची चाहूल लागताच पाणी गिळतो आणि चेंडूसारखा गोल होतो. मराठीतील 'फुगणे' या क्रियापदाशी त्याच्या नावाचे जुळणे हा केवळ योगायोग आहे. याच कुळातील मासे भारतीय समुद्रांतही आढळतात. कोकण किनाऱ्यावर त्यांना 'केंड' म्हणतात.

फुगुच्या यकृतात आणि अंडाशयात 'टेट्रोडोटॉक्सिन' नावाचे भयंकर विष असते. काही जातींत ते कातडीत आणि मांसातही उतरते. हे विष मुळात काही जिवाणू निर्माण करतात आणि लहान सागरी जीवांच्या मार्फत ते माशाच्या शरीरात साठत जाते. शिजवल्याने त्याचा नाश होत नाही. विषबाधा झाल्यास प्रथम ओठांना व जिभेला मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासोच्छ्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा सापडलेला नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे हाच रुग्णाचा मुख्य आधार.

असा मासा मनुष्याने खावाच का? परंतु जपानी लोक तो हजारो वर्षांपासून खात आले आहेत. प्राचीन वस्त्यांच्या उकिरड्यांत त्याची हाडे सापडली आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सैनिक फुगु खाऊन मरू लागले, तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने त्यावर बंदी घातली. पुढे 1888 मध्ये पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्या पुढाकाराने यामागुची प्रांतात ती उठली. या प्रांतातील शिमोनोसेकी हे बंदर आज फुगुच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील लोक त्याला 'फुकु' म्हणतात. या उच्चाराचा अर्थ 'भाग्य' असाही होतो. उलट ओसाका शहरात त्याचे टोपणनाव आहे 'तेप्पो', म्हणजे बंदूक! एकाच माशाला मिळालेल्या या दोन नावांत त्याची गोडी आणि त्याचे भय दोन्ही सामावले आहे.

हे भय आटोक्यात आले ते शिस्तीमुळे. फुगु साफ करणाऱ्याला दीर्घ उमेदवारी करावी लागते. माशाच्या जाती ओळखणे, विषारी अवयव अचूक वेगळे काढणे, यांची परीक्षा दिल्यावरच परवाना मिळतो. काढलेले विषारी भाग कचऱ्यात न टाकता कुलूपबंद भांड्यात ठेवले जातात. त्यानंतर मांसाचे इतके पातळ काप करतात, की खालच्या ताटलीवरील नक्षी त्यांतून दिसावी. हे काप शेवंतीच्या फुलाच्या आकारात मांडले जातात. त्यांची चव अतिशय सौम्य असते.

ही शिस्त मोडली की काय होते, हे 1975 मध्ये दिसले. काबुकी रंगभूमीवरील थोर नट आठवे बांदो मित्सुगोरो यांनी क्योतो येथील एका उपाहारगृहात फुगुच्या यकृताचे चार वाढप मागवून खाल्ले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. मासा कापणारा परवानाधारक होता. परंतु मोठ्या माणसाचा आग्रह त्याला मोडवला नाही. पुढे 1983 मध्ये फुगुचे यकृत ग्राहकांना देण्यास देशभर मनाई झाली. आजही तेथे फुगुच्या विषबाधेचे बहुतेक प्रसंग उपाहारगृहांत घडत नाहीत. हौसेने मासा धरून घरीच साफ करणाऱ्यांवर ते ओढवतात.

प्रवाशाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. अनोळखी पदार्थाला नाक मुरडणे हा यजमानाच्या संस्कृतीचा अनादर होय, तर धाडस मिरवण्यासाठी काहीही तोंडात घालणे हा अविचार होय. समोर आलेला मासा कोणता, तो कसा साफ केला, त्याचा कोणता भाग स्थानिक लोक वर्ज्य मानतात, हे विचारण्यात संकोच नसावा. जे तेथील जाणते खात नाहीत, ते पाहुण्यानेही खाऊ नये. फुगुचा एक काप खाणारा प्रवासी शेकडो वर्षांच्या अनुभवावर आणि एका अनोळखी आचाऱ्याच्या हातावर आपला जीव सोपवत असतो. तो विश्वास डोळस असेल, तरच त्या घासाला खरी गोडी येते.