पुढचे शॉकअप : थोडक्या खर्चात

सभासद बंधूंनो, शेतकी खात्याचा माणूस उसाऐवजी गाडीबद्दल सांगतोय म्हणून हसू नका. हंगामात ट्रॉल्यांच्या चाकोऱ्यांतून माझा निम्मा दिवस मोटरसायकलवरच जातो. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायची, खड्ड्याचा दणका थेट मनगटात. नवे शॉकअप परवडेनात. मिस्त्रीने जुने तेल काढले, तर नुसते काळे पाणी! दोन्ही नळ्यांत मापून सारखे, किंचित जाड ऑईल भरले (फार जाड घातले तर दणका पुन्हा हातातच), ऑईल सील बदलले, स्प्रिंगवर छोटा स्पेसर टाकला. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, आपण बसल्यावर गाडी कमी दबते एवढेच. नळीला गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही टिकत नाही, आधी ती बघा. गळके तेल ब्रेकवर उतरले तर गाडी थांबत नाही. तेवढे काम पट्टा पडेपर्यंत लांबवू नका.