पोहे, खुर्ची आणि एक वाक्य

माळा आवरायला घ्यावा आणि हाती जुना फोटो लागावा, मग आवरणं राहतं बाजूला आणि दुपार निघून जाते. हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकींना असेलच. २०२३ च्या दिवाळीआधी आईकडचा माळा आवरताना माझं तेच झालं. फक्त माझ्या हाती फोटोऐवजी बुटाच्या खोक्यात ठेवलेल्या चार मिनी-डीव्ही कॅसेट लागल्या. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम’.

ही आमची फिल्म. २००५ साली पुण्यात पत्रकारितेचा अभ्यासक्रम करत असताना आम्ही सहा जणांनी केलेली, दहा मिनिटांची आणि विनोदी. शेवटच्या सत्रात प्रत्येक गटानं एक लघुपट करायचा होता. बाकीच्या गटांनी हुंडा, प्रदूषण, भटकी मुलं असे दणदणीत विषय घेतले. आम्ही म्हटलं, आपण हसवायचं! हसवणं सोपं असतं, अशी तेव्हा आमची ठाम समजूत होती.

गोष्ट साधी होती. मुलीकडची मंडळी मुलगा बघायला येतात. मुलगा मान खाली घालून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येतो. मग मुलीची आत्या त्याची उलटतपासणी घेते. ‘‘घराण्यात टक्कल नाही ना कुणाला?’’ ‘‘जरा चालून दाखव बरं.’’ ‘‘लग्नानंतर नोकरी करायची म्हणतोस? आमची ना नाही, घर सांभाळून काय ते कर.’’ हे सगळे संवाद आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं लिहिले होते आणि आत्याचं कामही तीच करत होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

आत्याचं काम तिला का दिलं? तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, ‘‘अभिनय छान करते म्हणून.’’ ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. ती अंगानं चांगली जाडजूड होती. जाड आत्या म्हणजे निम्मा विनोद तयारच, असं आमचं गणित होतं. दिग्दर्शक मी होते, तेव्हा गणितही माझंच.

कॅमेरा आणला होता लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याकडून, भाड्यानं. त्याला लग्नसराईत सवड कुठली! पंचांगात मुहूर्त नसलेला दिवस शोधून त्यानं आम्हाला एकच दिवस कॅमेरा दिला, सोबत एक सनगन. लोकेशन आमचंच घर. मार्च महिना, त्यात ती सनगन भगभगतेय. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद, फ्रिज गुरगुरतो म्हणून फ्रिज बंद. संध्याकाळी दूध नासलं ते वेगळंच. शेजारच्या घरी कुकर लागला की आम्ही सगळे हातावर हात ठेवून शिट्ट्या मोजत बसायचो. तिसरी शिट्टी झाली की ‘रोल’!

आणि पोहे. दर टेकला ताटलीत पोहे तेवढेच दिसायला हवेत, नाहीतर एका शॉटमध्ये अर्धी ताटली आणि दुसऱ्यात भरलेली. आईनं त्या दिवशी पाच वेळा पोहे केले. गार झालेले पोहे कॅमेऱ्यात कोरडेठाक दिसायचे, म्हणून वरून तेलाचा हात. वाफ काही केल्या दिसेना, म्हणून ताटलीमागे उदबत्ती लपवली. मुलाचं काम करणारा बिचारा मोगऱ्याच्या वासाचे पोहे खात होता.

दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याबद्दल आम्हाला वर्गात शिकवलं होतं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्या सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत आणि फिल्मवर काम करायलाही बसत. ते ऐकून मी भारावून वहीत उतरवून घेतलं होतं. पण आमच्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन पाचव्यांदा कांदा चिरणाऱ्या बाईचं नाव मी श्रेयनामावलीत घातलं नाही. सुचलंच नाही.

आता खुर्चीकडे येते.

संहितेत असं होतं की आत्या घडीच्या खुर्चीत बसते, खुर्ची करकरते, सगळे श्वास रोखून बघतात आणि काहीच होत नाही. मग ती शांतपणे पुढचा प्रश्न विचारते. गंमत त्या ‘काहीच न होण्यात’ होती आणि ती मैत्रिणीनं विचार करून लिहिली होती. पण जेवणाच्या सुट्टीत आमच्यातल्या एका मुलाच्या डोक्यात आलं की खुर्ची खरंच मोडली तर काय धमाल येईल! त्यानं स्क्रू ढिला केला. तिला सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे प्रतिक्रिया ‘नॅचरल’ येईल. मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘‘चालेल.’’

एकच शब्द. मागे वळून बघताना तो अजून टोचतो.

ती पडली. काय पडली! खुर्ची, पदर, पोहे सगळं एकदम. पुढचं मला आठवत होतं ते असं : आम्ही हसलो, तीही हसली, नंतर तिचं एक लांब वाक्य होतं पण आई मधेच बोलली, त्यामुळे आवाज खराब झाला आणि ते वाक्य काढावं लागलं. अठरा वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत आले होते. ‘‘आईनं आमचा बेस्ट टेक घालवला,’’ हे तर आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. आईही हसून सोडून द्यायची.

एडिटिंग म्हणजे तेव्हा एक व्रतच होतं. तासाभराची टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायला तासच लागायचा आणि तासाला साधारण तेरा जीबी जागा खायची. आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होती ऐंशी जीबीची, तीही चार गटांत मिळून. पण तिथं बसून मी एक गोष्ट शिकले. एका सेकंदात पंचवीस फ्रेम असतात आणि विनोद त्यातल्या पाच-सहा फ्रेमवर उभा असतो. एवढ्याशा जास्त ठेवल्या, तर हसू येता येता थांबतं. एवढ्याशा कमी केल्या, तर काय झालं ते कळतच नाही. आत्याचं पडणं आम्ही तीनदा ठेवलं. एकदा सरळ, दोनदा सावकाश. तिथेच फिल्म संपवली.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह अक्षरशः कोसळलं. दुसरं बक्षीस मिळालं. तेव्हापासून वर्गात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नाही. कँटीनमध्ये, लायब्ररीत, सेंडऑफला, सगळीकडे ती ‘आत्या’. कुणी मुद्दाम तिच्यासाठी खुर्ची तपासून बघायचं. तीही हसायची. आम्हाला वाटायचं, किती खिलाडू आहे!

तर त्या कॅसेट. त्या बघायला कॅमेराच उरला नव्हता. जुन्या लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणाऱ्या दुकानात दिल्या आणि आठवड्यानं घरी लॅपटॉपवर लावल्या. शेजारी आई होती. आधी आम्ही पोट धरून हसलो. मी किती बारीक होते, आईचे केस किती काळे होते! मग टेप क्रमांक तीन आली.

ती पडते. कॅमेऱ्यामागे आम्ही फिदीफिदी हसतोय. ती काही क्षण जमिनीवर तशीच बसते, एक हात कोपरावर. ती हसत नाही. आमच्याकडे बघते. आणि मग, अहो, ती पदर सावरते, मांडीवरचा पोह्यांचा दाणा उचलून तोंडात टाकते आणि मुलाकडे बघून आपलं वाक्य म्हणते : ‘‘घाबरू नकोस रे बाळा. अकरा घरांनी मला पाहिलं. मी मात्र एकालाही पाहिलं नाही अजून. मान खाली होती ना! तू तरी मान वर कर.’’

तिथे मुलाचं काम करणारा खरंच मान वर करतो. ते संहितेत नव्हतं.

वाक्य पूर्ण होतं. स्वच्छ, एकेक शब्द ऐकू येतो. त्यानंतर, हो, त्यानंतर, स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज येतो, ‘‘लागलं का गं तुला?’’ आणि लगेच माझा, कर्कश : ‘‘आईऽ! टेक चाललाय ना!’’

आवाज खराब झालाच नव्हता. आईनं काहीही घालवलं नव्हतं. एवढ्या खोलीत त्या मुलीला लागलं का, हे विचारणारी ती एकटीच होती. वाक्य आम्ही काढलं, कारण ते आलं की हसू थांबत होतं आणि आम्हाला टाळीवर संपवायचं होतं. पुढे केव्हातरी माझ्या सोयीनं माझ्या आठवणीनं त्याचं खापर आईवर फोडलं.

आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘कोपर चांगलंच सुजलं होतं पोरीचं. मी आंबेहळद लावून पाठवलं होतं.’’ हेही मला माहीत नव्हतं.

दोन दिवस धीर गोळा करून मी मैत्रिणीला फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात असते. आमचं बोलणं वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरतंच उरलं होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. स्क्रू, माझं ‘चालेल’, सगळं. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, ‘‘स्क्रूचं मला त्याच दिवशी कळलं होतं गं. पडल्याचं काही नाही. पडतात माणसं. माझं वाक्य का काढलंत?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीच पुढे बोलत राहिली. ‘‘आपण ‘चष्मेबद्दूर’ बघायला बसलो होतो, आठवतंय? दीप्ती नवल दारोदार साबणाची पावडर विकायला येते. त्या सीनमध्ये आपण हसतो, पण तिला नाही हसत. तिच्यासमोर गडबडलेल्या फारुख शेखला हसतो. सई परांजपेंनी हे कसं केलं, याचा विचार करून मी आत्या लिहिली होती. हसायचं होतं ते त्या कार्यक्रमाला. तुम्ही हसलात मला.’’ आणि मग अगदी सहज म्हणाली, ‘‘अकरा घरं खोटी नव्हती. तो आकडा माझ्या मावशीचा.’’

त्यानंतर तिनं विनोदी असं काही लिहिलं नाही, हेही त्या फोनवर कळलं. सगळा दोष आमच्या फिल्मचा असेल असं नाही. नोकरी, संसार, बदल्या, कारणं पुष्कळ असतात. पण त्यातलं एक कारण आम्ही दिलं असेल, तर ते मला नाकारता येत नाही.

मी म्हटलं, ‘‘फिल्म पुन्हा जोडते. पडणं काढून टाकते.’’

तर ती जवळजवळ ओरडलीच, ‘‘काढू नकोस! छान पडलेय मी. पण एकदाच ठेव. आणि सावकाश नको.’’

२००५ साली ज्या कामाला आम्ही पाच रात्री घालवल्या होत्या, ते मी एका दुपारी लॅपटॉपवर केलं. पडणं एकदाच. मग तिचं जमिनीवर बसून आमच्याकडे बघणं. ते किती वेळ ठेवायचं, यावर मात्र मी बराच वेळ घालवला. शेवटी टेपवर आहे तेवढंच ठेवलं. मग वाक्य, मग मुलानं मान वर करणं, मग आईचं ‘‘लागलं का गं तुला?’’. माझं ओरडणंही ठेवलंय. ते कापायचा मोह फार झाला होता. श्रेयनामावलीत दोन बदल केले. ‘संवाद’ या शब्दापुढे मैत्रिणीचं पूर्ण नाव, आधी तिथे ‘गटकार्य’ असं होतं. आणि शेवटी आईचं नाव, ‘पोहे (पाच वेळा)’.

मी फिल्म पाठवली. तिचं उत्तर यायला चार दिवस लागले. तिनं घरी सगळ्यांना दाखवली होती. तिची मुलगी चौदा वर्षांची. ती खुर्चीला हसली, म्हणे. मग ‘मान खाली होती ना’ला थांबली, आणि थोड्या वेळानं परत हसली. ते हसू वेगळं होतं, असं मैत्रिणीनं लिहिलंय. वेगळं म्हणजे कसं, ते तिनं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

नाव छापू का, असं मात्र मी हा लेख लिहिताना तिला विचारलं. म्हणाली, ‘‘नको. फिल्ममध्ये आलंय ना आता, तेवढं पुरे. लेखात नाव आलं की पुन्हा सगळे ‘आत्या’ म्हणून फोन करतील.’’

ती खुर्ची अजून आईकडे आहे. बाबांनी तेव्हाच नवा स्क्रू बसवला होता. मैत्रीण मे महिन्यात पुण्याला येणार आहे. आई म्हणतेय, पोहे करीन, पण एकदाच.