दोन आज्या आणि एक तक्ता

हल्लीं गिरगांव-दादरकडील सुशिक्षित कुटुंबांत पंजाबी सून किंवा तमिळ जांवई नवलाचा राहिला नाहीं. अशा घरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक आजी भरल्या अंगाचा म्हणते, दुसरी लठ्ठ. पोर मात्र पानावर मान खालीं घालून बसतें. न्याय कसा व्हावा?

आमच्या मतें नुसत्या डोळ्यानें नव्हे, नुसत्या कांट्यानेंही नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आपलींच मापें छापलीं. वजनास उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिनांची शेंकडा ९.१, तर याज्ञिकांची २१.२! म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ च्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २५ ऐवजीं २३ या अंकाशीं जुळविली. मुलगे व मुली यांचे तक्ते निराळे. मराठी, पंजाबी, तमिळ असा भेद त्यांत नाहीं.

तेव्हां वर्षांतून दोनदां उंची, वजन व कंबर मोजावी, रोज तासभर शिवाजी पार्कवर खेळूं द्यावें, पराठा असो वा डोसा, तूप बेतानें वाढावें. मात्र चारचौघांत हिणवूं नये. हिणविलेलें मूल चोरून खातें किंवा उपाशी राहतें. वाढत्या वयास दोन्ही घातकच.