परक्या शेतावर सहकुटुंब

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाण्याचे बेत नवी मुंबईतील सुशिक्षित घरांतून हल्ली होऊ लागले आहेत. आठ दिवसांत पाच शहरे पाहून यावयाचे, हा त्यांचा सर्वसामान्य प्रकार. परंतु एखाद्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी पंधरवडाभर राहून त्याच्या शेतात सहकुटुंब काम करावे, असाही एक मार्ग आहे.

त्याचा उगम इंग्लंडातला. १९७१ साली लंडनमध्ये चिटणिसाचे काम करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंनी काही शहरी मंडळींना शनिवार-रविवारी ससेक्समधील एका शेतावर नेले. त्या अल्पशा आरंभातून निघालेली ‘वूफ’ ही चळवळ आज शंभराहून अधिक देशांत पसरली आहे. दिवसाकाठी साधारण चार ते सहा तास काम करावयाचे, त्याबद्दल राहण्याजेवण्याची सोय मिळावयाची. पैशाची देवघेव नाही. मुलांसह येणाऱ्यांना काही यजमान घेतात, काही घेत नाहीत. तेव्हा आधी पत्रव्यवहाराने खुलासा करून घ्यावा.

आपल्याकडील इर्जिक ती याहून फारशी निराळी नव्हे. ज्याचे काम अडले असेल त्याच्या शेतात गावकऱ्यांनी नांगर-बैल घेऊन जावे, मजुरी घेऊ नये, आणि त्याने सर्वांस जेवू घालावे. मात्र इर्जिकेस कोणी परवाना मागत नसे. येथे तो लागतो. न्यूझीलंडचे सरकार अन्न व निवारा हाही मोबदलाच समजते, म्हणून तेथे कामाची परवानगी देणारा व्हिसा हवा. ब्रिटनमध्ये पाहुण्यास सेवाकार्य करता येते, पण नोंदलेल्या धर्मादाय संस्थेसाठी आणि तीस दिवसांपर्यंतच. ‘आम्ही केवळ फिरावयास आलो’ असे मुलांदेखत अधिकाऱ्यास सांगणे प्रस्तुत लेखकास तरी शोभादायक वाटत नाही.

लाभ मोठा आहे. घरी ज्यांचा शब्द अखेरचा, त्या वडिलांस तेथे कुदळ कशी धरावी हे एखाद्या विशीतल्या मुलीकडून शिकावे लागते, आणि मुले ते पाहतात.

आपली घरे मात्र कोणाच्या शेतावर उभी आहेत? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. खाडीचे पाणी बांधांनी थोपवून लोक तेथे भात पिकवीत, मिठागरे राखीत. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचे धोरण आले. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेल्या विमानतळासाठीही गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली.

परदेशातील शेतकरी सहज विचारील, ‘तुमच्या गावी काय पिकते?’ त्याचे उत्तर मुलांनी निघण्यापूर्वीच उलव्याच्या वा कोपरखैरण्याच्या एखाद्या वृद्ध आगरी गृहस्थास विचारून घ्यावे. खाऱ्या जमिनीत कोणता भात तग धरी, हे त्यांना अजून आठवत असेल.